निळा हादगा

पुष्पलताला झाडांची आवड मुळीच नव्हती. तिला जयश्रीचं नाक कापायचं होतं.

जव्हारच्या एका शाळेत दोघी शिकवायच्या. पुष्पलतानं परदेशी फुलवेलाचं महागडं रोप मागवलं, तेव्हा जयश्री सगळ्या मास्तरांसमोर म्हणाली, हे घोसाळं आहे. आणि घोसाळं नसेल तर विष असेल, माझी शेळीसुद्धा तोंड लावणार नाही. त्या दिवसापासून पुष्पलता ‘घोसाळी मॅडम’ झाली. पोरंसुद्धा तेच म्हणायची.

वेल फुलला की निळ्याहिरव्या चोचींचे घोस लोंबतात, असं नर्सरीवाला म्हणाला होता. पण त्याला वाफ लागते. म्हणून पुष्पलतानं व्हरांड्याला प्लास्टिक ठोकलं, आणि नवऱ्याला गरम पाण्याची आंघोळ तिथेच करायला लावली. रोहिदास बिचारा काही वर्षं वेलाकडे पाठ करून अंग घासत होता. रस्त्यानं जाणारे सावली ओळखून रामराम घालायचे.

या फाल्गुनात वेल फुलला. पुष्पलतानं आतून पडदा लावला, कुणाला दाखवला नाही. अख्ख्या शाळेला रविवारी जेवायला बोलावलं. जयश्रीला पोटभर खाऊ घालायचं आणि मग पडदा सारायचा, असा बेत. रांधायला डोंगरातल्या दाभोसा गावाहून सासूबाई, गोजाबाई, आल्या होत्या.

जेवणं झाली. एक भाजी तर जयश्रीनं मागून मागून घेतली. पुष्पलतानं पडदा सारला. नुसते देठ लोंबत होते.

“आई, फुलं कुठं गेली?”

“हादग्याची ना? तीच त खाल्ली समद्यांनी,” गोजाबाई म्हणाल्या. “जरा निळी होती. मना वाटला, शहरातला हादगा असाच असंल.”

डोंगरातल्या बाईला चोचीसारखं फूल दिसलं की हात आपोआप कांदा चिरायला लागतो. पण पुष्पलताला वाटलं, सासूला व्हरांड्यासकट पेटवून द्यावं. मागे जयश्री पदरात तोंड घालून हसत होती.

तेवढ्यात पुष्पलताला ती शेळी आठवली.

“मॅडम,” ती मऊ आवाजात म्हणाली, “तुम्हीच म्हणाला होता ना, हे विष आहे म्हणून?”

जयश्रीचा पदर तोंडातच राहिला. त्या वेलाच्या मुलखात फुलांची भाजी आवडीनं खातात, हे नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. पुष्पलतानं ते एकेकाला स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगितलं. जयश्रीला सोडून.

जयश्रीनं पाणी मागितलं.

“पाणी नका हं पिऊ. हा वेल पाण्यानं फार जोमात वाढतो.”

मग जयश्री भिंतीला टेकून, जीभ बाहेर काढून बसली. मास्तर लोक पाळीपाळीनं येऊन जीभ निळी पडली का ते बघत, आणि गंभीरपणे मान हलवत. ऊन उतरेपर्यंत तिनं थेंबभर पाणी घेतलं नाही. हळूहळू उठली, चपला घातल्या.

पुष्पलतानं तळाची भाजी डब्यात भरून तिच्या हातात दिली.

“शेळीला द्या,” ती म्हणाली. “बघू, तोंड लावते का.”