वाकड्या बोटाचा झेंडा

कावळा पिंडाला शिवत नव्हता. बाभळीवर बसून तो प्रवचन मात्र मन लावून ऐकत होता.

"आक्के, तुझ्या म्हशीला मी संभाळतो," झुंबरबाईचा भाऊ गेणभाऊ पिंडापुढं हात जोडून म्हणाला. कावळ्यानं म्हशीत रस दाखवला नाही.

"तुझ्या पोरीचं, वैजूचं लगीन दणक्यात करू."

तेही नाही.

झुंबरबाईचा नवरा हौशीराम मागं उभा होता. तो जुन्नरच्या कॉलेजात शिपाई. ती तिथंच झाडलोट करायची. त्र्याण्णव साली कॉलेजच्या बोधचिन्हासाठी दिवा धरलेला हात हवा होता. पेंटरनं समोर झाडणारी बाई थांबवली, तिच्या हातात पणती दिली आणि दिसला तसा हात काढला. भात कापताना विळा लागून वाकडं झालेलं बोटसुद्धा. तोच हात झेंड्यावर गेला. माहितीपुस्तिकेत छापून आलं : दिवा म्हणजे ज्ञान, भाताची लोंबी म्हणजे समृद्धी, वाकलेलं बोट म्हणजे विनय. झुंबरबाईचा फोटो म्हणाल, तर तेवढाच.

पुढं नवे प्राचार्य आले. त्यांना तो विनय छपाईची चूक वाटला. बोट सरळ करायचं ठरलं. झुंबरबाई तेव्हा अंथरुणावर होती.

"सरळ बोटानं तूप निघत न्हाई म्हनावं सरांना," ती हसली. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तेवढं ऱ्हाऊ द्या म्हनावं."

हौशीरामनं निरोप दिला. सर म्हणाले, बघू.

"दाजी, कशात आडकलाय जीव तिचा?" गेणभाऊनं विचारलं.

"बोटात."

सगळ्यांनी श्रद्धांजलीसाठी आलेल्या प्राचार्यांकडं पाहिलं. सरांनी बूट काढले, पुढं आले, घसा साफ केला.

"महाविद्यालयाच्या वतीनं आश्वासन देतो की, बोट आहे तसंच राहील."

कावळा खाली उतरला.

"आयला," गेणभाऊ पुटपुटला, "म्हशीपरीस बोट भारी."

वर्धापनदिनाला नवा झेंडा आला. बोट सरळ होतं. जुना झेंडा आधीच बाकं पुसायला गेला होता.

"ऑर्डर अगोदरच गेली होती, हौशीराम," सर म्हणाले. "आणि कावळ्याला काय कळतंय?"

"न्हाई कळत, सर."

त्यानं दोरी ओढली. टाळ्या झाल्या. वारा नव्हता. कापड खांबाला धरून लोंबत राहिलं. घड्यांमध्ये सगळीच बोटं वाकडी.

"जरा वारा हवा होता," सर म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," हौशीराम म्हणाला आणि त्यानं दोरीची गाठ आवळली.