वरवंट्याचं विष

टबातलं पाणी तांबूस व्हायला लागलं, तशा हॉलमधल्या बायका माना लांब करून पुढं सरकल्या. मघाशी ते नळाचं स्वच्छ, कोमट पाणी होतं, मूठभर मीठ टाकलेलं. आता त्यात गोजरबाईचे भेगाळलेले दोन पाय होते, पायांच्या मध्ये एक काळी डबी बुडवलेली होती आणि डबीची वायर खुर्चीमागच्या यंत्रात गेली होती. दहा मिनिटांत पाण्याचा चहा झाला. वर पिवळट फेस धरला.

"हा फेस लिव्हरचा," प्रणयजी म्हणाले. "हे काळे कण म्हणजे जड धातू. आणि हा तांबडा रंग सांध्यांचा. अडुसष्ट वर्षांचं साठलेलं विष आहे, माउली. तळपायाच्या छिद्रांतून बाहेर पडतंय."

"बाई, एवढं व्हतं आत," मालनबाई पुटपुटली आणि स्वतःच्याच पायांकडं संशयानं बघू लागली.

प्रणयजींचं वय तिशीच्या थोडं पुढं. अंगात लिननचा कुर्ता, बोलण्यात मध. नावाआधी ते 'निसर्गयोगी' लावत. हा योग त्यांनी मोबाइलवर सहा दिवसांच्या कोर्सात साधला असावा, असं आतल्या खोलीत पलंगावर पडलेल्या बिभीषणरावांचं मत होतं.

चिकलठाण्यातलं हे रो-हाउस बिभीषणरावांचंच. एमआयडीसीतल्या, विजेनं धातूला मुलामा चढवायच्या प्लेटिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं ओल्या फरशीवर उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. रिटायर झाल्यावर त्यांनी दिवसाची घडी बसवली होती. सकाळी ओव्याचं पाणी. मग निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायचा आणि दुपारपर्यंत गपगार पडून राहायचं. पण दोन गुरुवारांपासून बायकोनं, सत्यशीलाबाईनं, हॉलमध्ये प्रणयजींचं शिबिर भरवलं होतं. यंत्र बघताक्षणी बिभीषणरावांना सगळं कळलं होतं. ते एकदाच "हॅट" म्हणाले, त्यावरून दोन दिवस अबोला झाला, आणि पुढं त्यांनी दार लोटून घ्यायचा शहाणपणा पत्करला.

आजही दार लोटलेलंच होतं. फटीतून गोजरबाईचा आवाज आला.

"महाराज, डोकं लई जड झालंय. चार दिस झाले. डोळ्यापुढं काजवे चमकतात."

"उत्तम," प्रणयजी म्हणाले. "केमिकलच्या गोळ्या थांबवल्या ना आपण? आता शरीर स्वतः बोलायला लागलंय. बोलू द्या त्याला."

बिभीषणराव पाल्याच्या पट्टीसकट उठले आणि लंगडत हॉलमध्ये आले.

"मावशी, कोणत्या गोळ्या थांबवल्या?"

"बीपीच्या. बारा-तेरा दिस झाले असतील." गोजरबाई शेजारच्याच घरातली. मुलगा आणि सून दिवसपाळीला कंपनीत जात. गोळी घेतली का, हे विचारायला दिवसा घरात कुणी नसे.

बिभीषणरावांनी कपाटातून स्वतःचं बीपीचं मशीन आणलं आणि गोजरबाईच्या दंडाला पट्टा बांधला. थोडं थांबून पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा वरचा आकडा दोनशेच्या पुढं, खालचा एकशेपंधराच्या वर.

"सत्यशीला, रिक्षा बोलव. दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

सत्यशीलाबाई नवऱ्याचा चेहरा बघून फोनकडं वळली. पण गोजरबाईनं पाय टबातून काढले नाहीत.

"नाय, नाय भाऊ. मधीच उठलं तर अर्धं विष काळजाकडं फिरतं म्हणलेत. पुरं निघू द्या."

"बरोबर," प्रणयजी म्हणाले. "काका, तुमच्या मशीनला शुद्धीकरणाची भाषा कळत नाही. आणि तुम्ही स्वतः निरगुडी बांधता की. निसर्गावर विश्वास आहे तुमचाही."

"बांधतो. ठणका कमी होतो म्हणून बांधतो. माझी बीपीची गोळी निरगुडीला विचारून बंद केली नाय मी."

म्हातारीला ओढून काढावं, तर ती घाबरून हातपाय झाडणार. रिक्षा यायला पाच-सात मिनिटं तरी लागणार होती. बिभीषणराव बायकांकडं वळले.

"मालनबाई, मोरीतली बादली भरून आणा. स्वच्छ पाणी. मूठभर मीठ टाका. आणि ओट्याखालचा वरवंटा आणा."

"वरवंटा?"

"व्हय. तो बी म्हाताराच हाय."

यंत्र बंद करून बिभीषणरावांनी काळी डबी टबातून काढली, धुतली आणि बादलीत वरवंट्याशेजारी सोडली. प्रणयजी पुढं झाले. "असं करू नका. देहाशिवाय चालवलं की मशीन जळतं."

"जळलं तर जळलं," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

आधी डबीतून बारीक बुडबुडे उठले. मग पाण्यात पिवळी रेघ हलली, तिची तांबडी झाली, आणि रिक्षाचा हॉर्न ऐकू यायच्या आत बादलीतलं पाणी टबातल्या पाण्यासारखंच दिसायला लागलं. फेस, काळे कण, सगळं हजर. तळाशी वरवंटा शांत पडला होता.

"वरवंट्याचं लिव्हर बी खराब दिसतंय," बिभीषणराव म्हणाले.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. प्रणयजींनी घसा खाकरला. "पाण्यात तुमच्या घरातली नकारात्मक ऊर्जा..."

"ऊर्जा राहू द्या. एवढंच सांगा, ही डबी किती दिवसांनी बदलता?"

"वीसेक सेशननंतर. विष ओढून ओढून ती झिजते."

बिभीषणरावांनी बटण बंद केलं आणि डबी उघडून सगळ्यांसमोर धरली. आतल्या लोखंडी पट्ट्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, कडा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या पातळ.

"झिजतं ते लोखंड जातं कुठं?"

एकेक करत सगळ्या बायकांची नजर बादलीकडं गेली.

"मिठाच्या पाण्यात लोखंड धरून करंट सोडला की ते विरघळतं आणि त्याचा गंज होतो. मी एकतीस वर्षं असल्याच पाण्यात काम केलंय. मावशी, हा गंज हाय. तुमच्या अंगातनं काही निघालं नाय आणि काळजाकडं काही फिरणार बी नाय. काढा पाय."

गोजरबाईनं एकदा बादलीकडं बघितलं, एकदा टबाकडं. मग सत्यशीलाबाईच्या खांद्यावर हात टेकून तिनं पाय बाहेर काढले. उभी राहताना तिचा तोल गेला. सत्यशीलाबाईनं आणि मालनबाईनं धरून तिला रिक्षात बसवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच भरती करून घेतलं. "अजून एखादा दिवस असा काढला असता, तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका होता," त्या म्हणाल्या. गोळ्या कुणी थांबवल्या, हे त्यांनी विचारलं तेव्हा सत्यशीलाबाईनं खालच्या आवाजात सांगितलं, "माझ्याच घरातल्या शिबिरात."

बाहेरच्या बाकावर तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं ना?"

"व्हय."

"मग असं बादली घेऊन का नाय दाखवलं?"

बिभीषणराव गुडघा चोळत बसले. प्रणयजींना मनातल्या मनात हसण्यात त्यांना दोन आठवडे मजा वाटली होती. भिंतीपलीकडं कोण काय ऐकून गोळ्या सोडतंय, हे विचारायला मात्र ते उठले नव्हते.

"घरात शांतता पाहिजे व्हती," ते म्हणाले. "चुकलं माझं."

दोघं घरी आले तोवर निसर्गयोगी यंत्र गुंडाळून पसार झाले होते. संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: काही आत्मे शुद्धीसाठी तयार नसतात. सत्यशीलाबाईनं तो पुसला नाही. दुसऱ्या दिवशी ती आणि गोजरबाईची सून ज्ञानेश्वरी अशा दोघी तो मेसेज आणि लेखी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या.

गोजरबाई तिसऱ्या दिवशी घरी आली. भेटायला त्याच सगळ्या बायका जमल्या. मालनबाई जरा चाचरतच म्हणाली, "काही म्हणा, मला मात्र त्या पाण्यानं पाय हलके वाटले व्हते."

"वाटणारच," सत्यशीलाबाई म्हणाली. "अर्धा तास कोमट पाण्यात पाय सोडून बसलं की कुणालाबी बरं वाटतं. रोज बस, कोण नाय म्हणतंय? पण पाण्याचा रंग बदलला म्हणून आपला रोग गेला, असं कसं मानलं आपण? नुसत्या पाण्यात काय होतं ते बघू, असं आपल्यातल्या एकीनं बी म्हणलं नाय. मी बी नाय. घर तर माझंच व्हतं. इथून पुढं कुणी चमत्कार दाखवला की आधी विचारायचं, माणूस नसताना बी हे होतं का? आणि कुणी चालू गोळी बंद कर म्हणलं, तर त्याच्या पाया पडायचं नाय. सरळ आपल्या डॉक्टरला फोन लावायचा."