वंश खुंटवणारा खुंट

मी एक खुंट बोलतोय. अड्याळच्या अलीकडच्या एका खेड्यात, तुलारामच्या अंगणात आडवा पडलोय. मुळांना चिकटलेली शेताची माती वाळून गळते आहे.

आधी मी सुबाभळीचं झाड होतो. तुलारामची नात तेजस्विनी भंडाऱ्याच्या कॉलेजातून सुटीत आली, ती रोपं घेऊनच. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिनं आम्हांला ओळीनं लावलं. कारण एकच होतं, तिची आई रुखमा. सिलिंडर संपला की रुखमा कोयता घेऊन जंगलात सरपणाला जायची. त्याच जंगलात मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या बाईला वाघानं नेलं होतं.

"धुऱ्यावर तूर लावतेत, बाई," तुलाराम हसला. "जळतन कोणी पेरते का?"

"पेरते न, आबाजी. वाघाले माय देण्यापेक्षा जळतन पेरलेलं बरं."

मी घाईनं वाढलो. घाई हाच माझ्या जातीचा गुण. माझ्या मुळांनी पुरातही धुरा धरून ठेवला. पाला शेळ्यांनी खाल्ला, उरलेला बांधीत कुजून खत झाला. दोन वर्षांनी तेजस्विनीनं मला गुडघाभर ठेवून कापलं. मी चुलीत धूर होऊन गेलो, पण खुंटाला नवे फुटवे आले आणि हवेत सोडलेला कार्बन त्यांनी परत ओढायला घेतला. जंगलातल्या ऐन-मोहाला कोयता लागला नाही. रुखमा घरी राहिली. मला वाटलं, माणसांना एवढं समजायला कितीसा वेळ लागणार?

मी दुसऱ्यांदा तोडणीला आलो तेव्हा तेजस्विनी परीक्षेला गेली होती. तिच्या भावाच्या, योगेंद्रच्या घरी पाळणा हलत नव्हता आणि तुलारामला त्याचं कारण धुऱ्यावर सापडलं. त्यानं आधी आम्हांला कापलं. मग ट्रॅक्टरला साखळी बांधून एकेक खुंट उपटला.

तेजस्विनी आली आणि उघड्या खड्ड्यांपाशी उभी राहिली.

"मुळासकट काहून काढलं जी?"

"शेतात खुंट ठेवला का वंश खुंटते, पोरी. म्हातारी माणसं सांगून गेली."

"सांगून गेली अन् आपण सुटली! त्याच खुंटाले पुन्हा फूट येत होती, आबाजी. तुम्ही नाव आयकून भ्याले, झाड पाहिलंच नाही."

"लय शिकली तू," म्हातारा म्हणाला आणि विडी पेटवली.

माझ्या फांद्या पावसाळाभर पुरल्या. मला फोडायला मात्र कुणाची कुऱ्हाड धजली नाही. पाळणा अजून रिकामाच आहे. आज सकाळी रुखमानं कोयता घेतला. तेजस्विनी आडवी गेली.

"नको जाऊ, माय."

"मंग भात का उन्हात शिजवू?"

बरोबरच्या बाया दुपारीच परतल्या. रुखमा मागून येते आहे, असं त्यांना वाटलं होतं. तेजस्विनी, योगेंद्र आणि गावातली माणसं काठ्या घेऊन धावली आहेत. आता ऊन उतरलंय. घराघरातून धूर निघतोय, या घरातून नाही.

तुलाराम माझ्यावर येऊन बसलाय. रस्त्यानं कुणी दिसलं की विचारतो, "आमची रुखमा दिसली का गा?"

वाचणाऱ्यांनो, झाड तोडा, जाळा, माझी तक्रार नाही. गुडघाभर खुंट तेवढा मातीत राहू द्या. मला पुन्हा फुटायचं होतं.

लांबून माणसं येताहेत. योगेंद्रच्या हातात रुखमाचा कोयता आहे.