लाल पाटी, निळी पाटी

"घट्ट धर! चावली तर बोटं माझी जातील, तुझी नाही!" डॉक्टर ओरडले.

दादाने गाईचा जबडा दोन्ही हातांनी उघडून धरला. डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या जिभेखालून एक कुसळ ओढलं, मग दुसरं. लाळेच्या तारा पार जमिनीपर्यंत लोंबत होत्या.

"वाळल्या वैरणीतली कुसळं. चारही गोठ्यांत हेच बघत आलोय," डॉक्टर म्हणाले. "हा वाण निवडला कोणी?"

"आमच्या दादासाहेबांनी," दारात उभा असलेला शेजारी बोलला. त्याच्या पोटावरून सगळे त्याला ड्रम म्हणायचे. "काडी चावून निवडला. आता भोगतायत गाई."

दादाने मान खाली घातली. कोपऱ्यात बादली धरून उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ मात्र आढ्याकडे बघायला लागला.

धाकट्याचं नाव कळलाव्या. डॉक्टरांच्या स्कूटरच्या डिकीत बेडूक ठेवणारा तोच, आणि ड्रमच्या खुर्चीचा पाय अर्धा कापून ठेवणाराही तोच. वय पंचेचाळीस, अक्कल साडेचार, असं वहिनी म्हणायची.

तर गोष्ट अशी. चार गोठ्यांची वैरण एकत्रच पेरायची पद्धत. गेल्या वर्षी ठरलं, ट्रिटिकेल पेरू. गहू आणि राय नावाचं थंड मुलखातलं धान्य यांचं लग्न लावून दिलं की होणारं हे पोर: बापासारखं काटक, आईसारखं गोड. पण या घरातही दोन तऱ्हेची पोरं. एका वाणाला भरपूर पान आणि बोडकी ओंबी, तो चाऱ्याचा. दुसऱ्याची ओंबी लांब कुसळांची, तो दाण्याचा. बियाणेवाल्याने दोन वाफे पेरून दिले, एकावर लाल पाटी, एकावर निळी. नावं मुद्दामच लिहिली नाहीत. "नाव ऐकलं की माणूस फसतो. पान बघा, काडी चावा, रंग सांगा. मी त्या रंगाची पोती पाठवतो."

पीक गुडघाभर होतं, ओंबीचा पत्ता नव्हता. निवडीच्या सकाळी कळलाव्याने पाट्यांची अदलाबदल करून टाकली. बियाणेवाला शेवटी मोठ्या तोऱ्यात सांगणार, कोणता कुठला, आणि मग आपण म्हणायचं, "साहेब, पाट्या उलट्या!" एवढाच बेत होता बिचाऱ्याचा.

पण चौघांचं एकमत होईना. शेवटी ड्रम म्हणाला, "दादा सांगेल ते." का, तर दादाशी कधी कोणाचं भांडण नव्हतं. त्याला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं, तर भांडण होणार कुठून?

दादाने दोन्ही वाफ्यांतून फेऱ्या मारल्या, पानं बोटांत चोळली, काडी चावली. मग एका वाफ्यापुढे उभा राहिला. "हा. लाल."

"लाल?" बियाणेवाल्याच्या भुवया वर गेल्या. "बहुतेक लोक निळा घेतात. पण नजर तुमची." आणि कोणता वाण कुठला ते न सांगताच तो निघाला.

ड्रमने दादाच्या पाठीवर थाप मारली. दादा लाजला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण कान लाल झाले. कळलाव्याच्या जिभेवर आलेलं वाक्य तिथेच अडकलं. संध्याकाळी सांगू म्हणून घरी गेला, तर दादा वहिनीला तिसऱ्यांदा सांगत होता, "सगळे माझ्या मागे उभे होते गं!" कळलाव्याने स्वतःलाच समजावलं. गवत ते गवत. गाईला काय रंग वाचता येतात?

ते दोन वाफे कोवळे असतानाच कापून जनावरांना घातले. लाल रंगाची पोती आली, पेरली. यंदा कुसळं डोळ्यांना दिसली तेव्हा सगळे चरकले, पण उभं पीक टाकणार कुठे? कापलं, वाळवलं, घातलं.

डॉक्टरांनी चिमटा पुसला. दादा हळूच म्हणाला, "काडी मऊ होती हो. मला अजून आठवतंय. पण माझीच जीभ गेली असेल. पुढच्या वेळी मला नका विचारू."

"नाहीच विचारणार," ड्रम म्हणाला.

कळलाव्याने बादली खाली ठेवली.

"दादाने बरोबर निवडला होता," तो म्हणाला. "पाट्या मी बदलल्या होत्या. लालच्या जागी निळी, निळीच्या जागी लाल."

ड्रम असा हसला, की गाय बिचकली.

"वा रे! भावाला वाचवायला बरी थाप शोधलीस!"

"थाप नाही. आईशप्पथ."

"तुझ्या आईशप्पथा मोजायला बसलो तर आई बिचारी शंभरदा जाऊन आली असेल," ड्रम म्हणाला. डॉक्टरही हसले. त्यांना बेडूक आठवला असावा.

"वहिनी, तुम्ही तरी..." तो ड्रमच्या मागे दारात उभ्या वहिनीकडे वळला.

"भाऊजी, पुरे," वहिनी म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते रागाने नव्हते. तेच तर वाईट होतं.

डॉक्टर चिमटा ठेवून हात धुवायला गेले, ड्रम गेला, वहिनी पाणी तापवायला गेली. दादा अजून जबडा धरून होता.

"दादा, खरंच मी केलं."

"बरं बरं." दादाने मान हलवली. "आजवर सगळ्यांसमोर माझी फजितीच केलीस. आज पहिल्यांदा माझ्या बाजूने उभा राहिलास. खोटं का होईना." तो हसला, गेल्या वर्षीसारखाच, कानांपर्यंत. "विसरणार नाही मी."

कळलाव्या जवळ सरकला.

"चिमटा घे," दादा म्हणाला. "आत अजून एक आहे. तुझा हात हलका आहे."

कळलाव्या गुडघ्यांवर बसला. कोपरापर्यंत लाळ आली. कुसळ बोटाला लागत होतं. आत जाताना ते सरळ गेलं असणार, पण आता बाहेर ओढलं की त्याचे बारीक दाते मांसात अडत होते. गाय कण्हली.

"हळू," दादा म्हणाला. "घाई नाही. मी धरलंय."