कोल्बी रेन्शॉचा अंगठा

ऑगस्ट संपत आला की डॉकच्या खोलीत बसायला जागा उरत नाही. यंदा तर उभं राहायलाही नव्हती. एका टेबलावर कोपर शेकत पडलेला, चेंडू फेकणारा पिचर, दुसऱ्यावर मांडीचा स्नायू ओढला गेलेला डावखुरा, बर्फाच्या टबात कंबरेपर्यंत बुडून शब्दकोडं सोडवणारा तिसरा, आणि कपाटाला टेकून आपली पाळी कधी येते याची वाट बघणारे आणखी दोघं. जखमींच्या यादीत नऊ जण झाले होते.

डॉक काही खरा डॉक्टर नव्हे. नाव लेनर्ड प्रुखनिक, वय एकसष्ट. बफेलोच्या हार्बर्स या बेसबॉल संघाच्या गड्यांचे स्नायू चोळायचे, सांधे बांधायचे आणि कोणाचं काय दुखतंय ते वहीत लिहायचं, हे काम तो सत्तावीस वर्षं करत होता. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यात कुरकुर होती, पण ती लिहायला वही नव्हती. एकशे बासष्ट सामन्यांचा हंगाम म्हणजे काही खेळ नव्हे, असं त्याचं ठाम मत झालं होतं. माणसं एप्रिलमध्ये धडधाकट येतात आणि सप्टेंबरमध्ये चिकटपट्टीच्या आधारावर उभी असतात.

आज एकतीस ऑगस्ट. आज संध्याकाळी संघाची जी शेवटची यादी जाईल, तिच्यात ज्याचं नाव असेल तोच ऑक्टोबरचे अजिंक्यपदाचे सामने बघणार. मग तो खेळणारा असो की जखमींच्या यादीत पाय वर करून बसलेला असो. हार्बर्स अकरा वर्षांनी ऑक्टोबर गाठणार होते. त्यामुळे सकाळपासून क्लबात नवी माणसं येत होती आणि जुनी त्यांच्या पिशव्या मोजत होती.

साडेबाराला नेल्सन उरिबे आला. नवा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा, एकोणतीस वर्षांचा, व्हेनेझुएलाचा, खांद्यावर दोन पिशव्या. परवापर्यंत दुसऱ्या क्लबात होता. नवीन माणूस आला की आधी डॉकच्या टेबलावर. तिथे एक छापील कागद असतो, माणसाची आकृती पुढून एक आणि मागून एक. दुखतं तिथे लाल पेन्सिलीने फुली मारायची.

"कुठे दुखतं का?" डॉकने विचारलं. हा प्रश्न तो हजारो वेळा विचारून बसला होता आणि "नाही"शिवाय उत्तर क्वचितच ऐकलं होतं.

"डावा घोटा," उरिबे म्हणाला. "थोडा. लिहा ना."

डॉकने चष्म्यावरून बघितलं. "पहिल्याच दिवशी? मॅनेजर काय म्हणेल याची भीती नाही वाटत?"

"भीती कसली? लिहिलेलं असलं की काढता येत नाही. मागे एकदा नाही लिहिलं मी, शहाणपणा केला. काढलं त्यांनी. बारा महिने घरी बसून सासूच्या शिव्या खाल्ल्या." तो मोकळं हसला. "मारा फुली, डॉक. मोठी मारा."

डॉकने फुली मारली, पण उरिबेकडे बघणं टाळलं. कारण नवा कॅचर आला म्हणजे जुना कॅचर जाणार, आणि जुन्या कॅचरचा कागद कोरा होता. तो कोरा डॉकनेच ठेवला होता.

जुना कॅचर म्हणजे कोल्बी रेन्शॉ. ओक्लाहोमाचा, पस्तिशीचा. तेरा वर्षं त्याने छोट्या गावांच्या छोट्या संघांत काढली, रात्रभर बसने जायचं आणि दुपारी खेळायचं. हंगाम संपला की तो गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवायचा, आणि ऑक्टोबरचे मोठे सामने त्याने तेरा वर्षं त्या ट्रकातल्या रेडिओवर ऐकले. जूनमध्ये हार्बर्सच्या पहिल्या कॅचरचा गुडघा गेला आणि कोल्बीला वर बोलावलं. तो आला, जीव तोडून खेळला. "मला काय हवंय सांगू, डॉक?" तो एकदा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला होता. "ऑक्टोबरमध्ये बाकावर बसायचंय. खेळायला नाही मिळालं तरी चालेल. पाण्याच्या बाटल्या भरीन."

नऊ ऑगस्टला बॅटची कड घेऊन आलेला चेंडू त्याच्या डाव्या अंगठ्यावर बसला. त्याने सामना तसाच पुरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, तो डॉकच्या खोलीत शिरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"अरे, हा अंगठा आहे की वांगं?" डॉक म्हणाला.

"वहीत लिहू नका. पाया पडतो तुमच्या. नुसता बांधून द्या."

"सांध्याचा बंध तुटला असणार. फोटो काढायला हवा."

"खाली, आमच्या छोट्या संघांत, दुखतंय म्हटलं की दुपारच्या बसचं तिकीट हातात देतात. तेरा वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही. आता म्हणू?"

खाली आणि वर यात फरक आहे, हे सांगायला डॉकने तोंड उघडलं होतं. वरच्या संघात जखमी माणसाला काढता येत नाही, त्याची जागा राहते, तो संघाबरोबरच बसतो, हे त्याला पाठ होतं. पण आदल्याच रात्री मॅनेजर हॅलोरन दारात येऊन ओरडून गेला होता, "डॉक, तुझ्या खोलीतला संघ माझ्या संघापेक्षा भारी आहे! अजून एक नाव घेऊन आलास ना, तर तुलाच पॅड बांधून उभा करीन." डॉकने विचार केला, कोण ऐकून घेणार पुन्हा? नऊ झालेत, दहावं नको. त्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि पट्टीचा रोल उचलला. तेव्हापासून रोज सकाळी तो कोल्बीचा अंगठा गुपचूप बांधत होता.

बांधलेल्या अंगठ्याने चेंडू अडवता येतो, पण बॅट नीट धरता येत नाही. कोल्बीचे फटके मेले. तीन आठवड्यांत त्याने तीन धड फटके मारले असतील. लोक म्हणाले, वय झालं. हॅलोरन म्हणाला, मनगटं गेली. डॉक मूग गिळून बसला.

अडीचला हॅलोरनने त्याला दारातूनच सांगितलं, "रेन्शॉला सोडलंय. जाताना त्याचा कागद भरून दे, चारच्या आत मला हवा." मग आवाज उतरवून म्हणाला, "चांगला गडी होता रे. पण काय करू?"

कोल्बी आला तेव्हा डॉकने बाकीच्यांना बाहेर काढलं. शब्दकोडंवालासुद्धा टबातून निथळत गेला. कोल्बी टेबलाच्या कडेवर बसला. त्याने घरचे कपडे घातले होते.

"कुठे दुखतं का?" डॉकने विचारलं.

"नाही."

डॉकने सकाळी स्वतःच बांधलेली पट्टी सोडली. अंगठा हिरवापिवळा झाला होता. त्याने मुळाशी दाबलं. "आता?"

"नाही." कोल्बी हसत होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"आता?"

"सोडा ना, डॉक. ठणठणीत आहे म्हणून लिहा. ठणठणीत माणूस कोणीतरी उचलेल."

"आज एकतीस तारीख आहे. कोण उचलणार आहे तुला? गॅसची कंपनी?" डॉक चिडला होता, आणि कोणावर ते त्याला चांगलं कळत होतं. "नीट ऐक. हा अंगठा वहीत असता तर हॅलोरनला तुला काढताच आलं नसतं. खालचा कायदा वर चालत नाही. दुखतंय म्हणणारा इथे राहतो, गप्प बसणारा जातो."

कोल्बीचं हसू जागच्या जागी राहिलं. "तुम्हाला माहीत होतं हे?"

"होतं."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण."

"मग बोलला का नाहीत?"

डॉकने सोडलेली पट्टी गुंडाळायला घेतली. "थकलो होतो रे," तो म्हणाला. "हॅलोरनच्या शिव्या खायचा कंटाळा आला होता. एवढंच." हे बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली.

बाहेर कोणीतरी मोठ्याने हसलं. कोल्बी आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. डॉकने तो पुन्हा हातात घेतला, या वेळी हळू.

"आता दाबतो. एकदा तरी खरं बोल."

त्याने दाबलं. कोल्बीचा जबडा आवळला, मान वळली, आणि तेरा वर्षं न म्हटलेला शब्द शेवटी बाहेर आला. "दुखतं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "फार दुखतं, डॉक. रात्री झोप लागत नाही." आणि तो रडायला लागला, एवढा मोठा आडदांड माणूस. डॉकने त्याला रडू दिलं आणि आकृतीच्या डाव्या अंगठ्यावर लाल फुली मारली.

फुलीखाली ‘कधीपासून?’ असा एक रकाना होता. डॉकची पेन्सिल तिथे थांबली. आजची तारीख टाकली तर हॅलोरन हसून कागद फाडणार. म्हणणार, काढल्याचं कळल्यावर बरं लगेच दुखायला लागलं! नऊ ऑगस्ट टाकली तरच कागद टिकणार होता. पण मग तीन आठवडे रोज सकाळी पट्टी कोण बांधत होतं, हाही प्रश्न येणार, आणि खाली सही डॉकची.

त्याने नऊ ऑगस्ट लिहिलं, सही केली आणि गुडघ्याला सांभाळत हॅलोरनच्या खोलीत गेला.

हॅलोरनने कागद दोनदा वाचला. टेबलावर अर्धं खाल्लेलं बीफचं सँडविच होतं, ते त्याने बाजूला सारलं. "नऊ ऑगस्ट? आणि मला आज सांगतोयस?"

"हो."

"मनगटं गेली म्हणून मी चारचौघांत बोललो त्या माणसाला. तू तिथेच उभा होतास."

"होतो."

हॅलोरनने कागदाची घडी घातली. मग त्याने फोन उचलून यादी बदलायला सांगितली. रेन्शॉ, जखमी, दहावा. फोन ठेवून तो म्हणाला, "सत्तावीस वर्षं, लेनर्ड." डॉकला त्याने नावाने कधी हाक मारली नव्हती. "तुझ्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवला मी. हंगाम संपेपर्यंत राहा. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघीन."

डॉक परत आला तेव्हा कोल्बी टेबलावर तसाच बसला होता, पिशवी पायाशी.

"पिशवी ठेव कपाटात," डॉक म्हणाला. "राहिलास तू. उद्या फोटो, मग प्लास्टर. बाटल्या मात्र एका हाताने भराव्या लागतील."

कोल्बीने डोळे पुसले. मग त्याने डॉकच्या तोंडाकडे नीट बघितलं. "आणि तुम्हाला काय म्हणाला?"

"मला? काही नाही." डॉक हसला आणि पट्टीचा रोल शोधायला लागला. रोल समोरच होता.

कोल्बीने चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि दाबलं. "आता?"

डॉक खाली स्टुलावर बसला. दिवसभरात तो पहिल्यांदाच बसत होता.

"थोडं," तो म्हणाला.