शंभर गुणांचा पुरवठादार

आमच्या दप्तरांच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा खरेदीप्रमुखांनी सगळ्या पुरवठादारांना बजावलं, "आता ओळखीपाळखी बंद. मशीन गुण देईल. ज्याचे गुण जास्त, त्याला ऑर्डर." या साहेबांना माघारी सगळे 'पावपट' म्हणत, कारण समोरच्याने सांगितलेल्या भावाच्या पाव हिश्शापासून त्यांची घासाघीस सुरू व्हायची. मला नोकरीत कायम करायचं की नाही हेही तेच ठरवणार होते, आणि माझी मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या माणसाने आम्हा प्रत्येकाला सरावासाठी एकेक खोटा पुरवठादार तयार करायला लावला होता. नाव काहीही चालेल, फोन नंबर मात्र खरा हवा, नाहीतर पुढचं पान उघडत नव्हतं. मी 'मावशी एंटरप्रायझेस' असं नाव दिलं, मालाच्या रकान्यात चेन निवडली आणि मावशीचाच नंबर टाकला. सराव संपल्यावर त्याने सगळे खोटे पुरवठादार पुसले. माझा तेवढा राहिला.

सोमवारी पाहते तर दप्तरांच्या चेनची सगळीच्या सगळी ऑर्डर मावशी एंटरप्रायझेसला गेलेली, आणि नेहमीच्या चेनवाल्याची रद्द. मावशीला शंभरपैकी शंभर गुण होते. मी हिशोब उलगडून पाहिला. सॉफ्टवेअर उशिरा आलेल्या खेपांना एकूण खेपांनी भागतं आणि तितके टक्के गुण कापतं. मावशीच्या उशिरा आलेल्या खेपा शून्य आणि एकूण खेपाही शून्यच. शून्याला शून्याने भागलं तर उत्तर निघत नाही. सॉफ्टवेअरने उत्तर नाही म्हणजे दोषही नाही, असं धरलं होतं.

मी धावत पावपट साहेबांकडे गेले. "साहेब, ही पुरवठादार खरी नाही."

"खरी नाही कशी? आत्ताच बोललो मी त्यांच्याशी. काय बाई आहे! मी भाव पाडायला गेलो, तर त्यांनी वाढवला. वर म्हणतात, परवडत नसेल तर दप्तरांना नाड्या लावा. असं बोलणाऱ्याचा माल चांगलाच असणार."

"साहेब, ती माझी मावशी आहे. तिचा चेनशी काही संबंध नाही. शून्य भागिले शून्य..."

"मावशी असो की आत्या, मशीनला नाती कळत नाहीत. म्हणून तर ते आणलं. बुधवारी चेन आल्या नाहीत, तर दप्तरं उघडी राहतील आणि तुमची फाईल बंद होईल."

जुन्या चेनवाल्याची ऑर्डर मी परत टाकून पाहिली. सॉफ्टवेअर घेईना, त्याचे गुण मावशीपेक्षा कमी होते. शेवटी मावशीला फोन लावला.

"तू हो का म्हणालीस?"

"अगं, त्यांनी तुझ्या कंपनीचं नाव घेतलं. म्हटलं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न दिसतोय. आधी हो म्हणावं, मग काय ते बघावं. लग्नालासुद्धा मी असंच हो म्हणाले होते."

"आणि काकांचं काय?"

"त्यांचं अजून बघतेच आहे. ते राहू दे. तुमच्या नेहमीच्या माणसाची ऑर्डर गेली ना? मग त्याच्याकडे माल पडूनच असेल. नंबर दे त्याचा."

चेनवाल्याने मला नंतर सांगितलं, "त्यांनी आधी मला झापलं, मग तब्येतीची चौकशी केली, मग भाव पाडला. फोन ठेवताना मीच त्यांचे आभार मानत होतो."

बुधवारी चेन आल्या नाहीत. चेनवाल्याची गाडी मावशीच्या दारात उभी होती. "माझ्या नावाने माल जाणार आणि मी न बघता पाठवू?" असं म्हणून ती गठ्ठे सोडून चेन ओढून पाहत बसली होती. अडकणाऱ्या चेन तिने परत पाठवल्या, बदलून घेतल्या आणि गुरुवारी सकाळी माल पोहोचता केला. तोवर शिवणाऱ्या बायकांनी पट्टे शिवून वेळ काढला. काम थांबलं नाही.

शुक्रवारी सॉफ्टवेअरने पुरवठादारांना त्यांचे गुण आपोआप कळवले. मावशीची एकूण खेप एक, उशिराची एक. गुण शून्य.

पाचव्या मिनिटाला साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो कानापासून लांब धरला, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

"शून्य? मला शून्य?"

"बाई, गुण मी देत नाही, मशीन देतं."

"मग मशीनला फोन द्या! काही न पाठवता शंभर आणि चेन ओढून बघून पाठवल्या तर भोपळा! यापुढे काहीच पाठवत नाही. द्या माझे शंभर परत."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "अहो, त्या म्हणतात ते खरंय की. काही न पाठवता शंभर कसे मिळाले?"

"सोमवारी मी तेच सांगत होते, साहेब."

"तुम्ही शून्य भागिले शून्य सांगत होता. त्या सरळ सांगताहेत." फोनमधून पुन्हा आवाज चढला. मावशी उद्या स्वतः येणार होती. साहेबांचा चेहरा पडला. "हे बघा, हे गुणांचं प्रकरण तुम्हीच निस्तरा. आणि यांच्याशीही तुम्हीच बोला."

"साहेब, माझी मुदत उद्या संपतेय."

त्यांनी दुसऱ्या हाताने माझी फाईल ओढली, आतला कागद न वाचताच सही केली आणि म्हणाले, "या बाईंशी बोलायला कंपनीत कायमचं माणूस लागणार."

मी फोन घेतला. "मावशी, मी बोलतेय."

"तू मध्ये पडू नकोस. साहेबांना दे."