माळ्यावरचा समुद्र

सुट्टी संपवून विशाखा आपल्या गावाहून, कन्नडहून, आत्याकडं परतली आणि थेट आपल्या खोलीत शिरली. खिडकीतली बाटली गायब होती.

बाटलीत कोकणातल्या खाडीचा काळा चिखल होता आणि काठोकाठ समुद्राचं पाणी. त्यातून तिला कॉलेजच्या प्रकल्पासाठी हिरवे गंधक-जिवाणू वाढवायचे होते. आधीच्या दोन बाटल्या तपकिरी पडल्या, आता चिखलही संपला होता. "सुट्टीनंतर ही हिरवी दिसली नाही, तर विषय सोड आणि दह्याचे जिवाणू घे," असं प्रकल्पाच्या इंद्रजीत सरांनी बजावलं होतं. दह्याचं नाव निघालं तरी विशाखा बाईसाहेबांना रडू यायचं.

पुस्तकात लिहिलं होतं, मंद प्रकाश द्या. पण मराठवाड्याच्या पोरीला प्रकाश म्हटल्यावर ऊनच सुचणार! तिसरी बाटलीही तिनं रणरणत्या खिडकीतच ठेवली होती.

"आत्या, माझी बाटली?"

"तू गेलीस त्याच दिशी पाहुणे आले," सारजाबाई म्हणाल्या. "सडक्या अंड्यावानी वास येत व्हता. टाकली माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांमागं."

विशाखा स्टुलावर चढली. माळ्याला धुरकट काचेचा एवढासा झरोका होता. बाटलीला विरलेल्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. सगळं संपलं असं समजूनच तिनं तो सोडला.

चिखलावर हिरवागार थर चढला होता.

केवढं अजब होतं ते!

"आत्या, हे जिवाणू हवेनं मरतात. तू नाक मुरडलंस ना, त्या वासावरच जगतात. काळ्या समुद्रात शंभर मीटर खाली राहतात. तिथं त्यांच्यातल्या रंगद्रव्याच्या एकेका रेणूनं तासंतास वाट पाहावी तेव्हा कुठं उजेडाचा एखादा कण वाट्याला येतो. तेवढा पुरतो त्यांना."

"कधीपासून गं?"

"जमिनीवर एक झाड नव्हतं तेव्हापासून."

सारजाबाई स्टुलाला धरून वर बघत राहिल्या. "अन् मी उद्या नालीत वतणार व्हते," त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या अंगावर काटा आला होता.

विशाखा हरखून गेली. सरांना फोटो पाठवायला ती बाटली घेऊन खिडकीकडं धावलीच, तेवढ्यात सारजाबाईंनी तिचं मनगट धरलं. बाटली काढून घेऊन त्यांनी बाटलीला पुन्हा लुगड्याचा तुकडा गुंडाळला.

"सरांना बघायची आसंल," त्या म्हणाल्या, "तर त्यांनाच म्हणावं, माळ्यावर चढा."